कर्वेनगर ते सिअ‍ॅटल

आमच्या कर्वेनगरच्या बागेत एक बाक आहे. त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाचं एक तरी पोर परदेशात! त्यामुळे किस्से जमवावे लागत नाहीत, विमानं उडतात आणि किस्से बाकावर उतरतात. सध्या बरेचसे अण्णांचे. बँकेतून निवृत्त, हृदयाचं दुखणं, लेक मुग्धा सिअ‍ॅटलला. तिला मुलगी झाल्यापासून अण्णांना एकच ध्यास, नातीला मांडीवर घ्यायचं. विमानात बसू द्यायचं की नाही, ते डॉक्टर ठरवणार होते.

*

अण्णांनी आधी ट्रॅव्हल एजंटला गाठलं. "सिअ‍ॅटल किती लांब हो?"

"साडेबारा हजार किलोमीटर. एक विमान बदलून पंचवीस-सव्वीस तास."

"मुंबईच्या विमानतळापर्यंतचे धरून?"

"ते आम्ही सांगत नाही. ते घाट ठरवतो!"

*

जोशीकाकूंचा मुलगा सुट्टी संपवून अमेरिकेला परत निघाला. माणूस प्रवासाला निघाला की आपल्याकडे लगेच केर काढत नाहीत. काकूंचा नियम त्याहून कडक, तो पोचेपर्यंत नाही! दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशी झाडू घेऊन उभ्या. काकू मोबाइलवर विमानाचा ठिपका बघत म्हणाल्या, "थांबा जरा, अजून रशियावर आहे."

"मग तोवर भांडी घासते," मावशी म्हणाल्या.

*

तोच ठिपका नंतर बाकावर आला. "अमेरिका पश्चिमेला ना? मग हा उत्तरेला कुठे निघालाय?" काकू घाबरल्या.

"पुढे रस्ता खोदला असेल," अण्णा म्हणाले.

ठिपका पांढऱ्या बर्फावरून सरकत होता आणि आम्ही सगळे त्याच्यासोबत तरंगत होतो. फार छान वाटलं.

*

सवय व्हावी म्हणून अण्णांनी हॉलमधलं घड्याळ सिअ‍ॅटलच्या वेळेवर लावलं. दुपारी दोनला कुरिअरवाल्याने बेल वाजवली.

अण्णा दार उघडून म्हणाले, "अहो, ही पुण्यातही झोपायची वेळ आणि सिअ‍ॅटललाही. आपण कुठल्या गावचे?"

*

डॉक्टर नाहीच म्हणाले. अण्णा दोन दिवस बाकावर फिरकले नाहीत. मला फार वाईट वाटलं. शेवटी त्यांच्या पत्नी, निर्मलावहिनी, एकट्याच गेल्या.

त्या निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी उपम्याचा डबा घेऊन गेलो. अण्णा खिडकीजवळ खुर्चीत, पोटावर उपरणं घट्ट बांधून. बाहेर समोरच्या सोसायटीच्या टाकीवर पांढरे ढग.

"या. शेजारची सीट रिकामी आहे."

मी बसलो. डबा मध्ये ठेवून दोघांनी उपमा खाल्ला. ढग सरकत होते. खरं सांगतो, टाकी हळूहळू मागे पडल्यासारखी वाटली.

इतक्यात व्हिडिओ कॉल आला. वहिनी लेकीच्या घरी पोचल्या होत्या. मांडीवर दुपट्यात नात. अण्णा बघतच राहिले. त्यांनी एक बोट स्क्रीनवर, तिच्या मुठीवर ठेवलं.

"अहो, खाल्लंत का काही?" वहिनींनी विचारलं.

"हो, आत्ताच. विमानात दिलं."