शोभेल असा शब्द

योग्य शब्द योग्य वेळी सापडला तर माणूस तरून जातो, असं मी मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. त्याचा मला पगार मिळत असे, त्यामुळे ते खरं आहे का हे तपासून पाहायची वेळ आली नाही. निवृत्त झाल्यावर आली.

गावात तपासणी शिबिर भरणार होतं. डॉक्टरबाईंच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, स्तनाच्या कर्करोगाची तपासणी. बॅनरचं काम उत्सव मंडळाकडे आलं आणि मंडळात सगळे पुरुष. ते पत्र घेऊन माझ्या ओटीवर आले.

"मास्तर, हा शब्द फाट्यावर टांगायचा? टोकावड्याच्या एसटीतनं पावणे वाचतील."

"वाचू देत की."

"तुमी रिटायर झालात, तुमाला काय! जरा शोभंल असा द्या ना."

मी दिला. 'छातीचा कर्करोग.' मर्यादाही राहिली आणि अर्थही राहिला, असं मला वाटलं. दोन्हींपैकी मर्यादा राहिली होती.

शिबिराचं उद्घाटन दीड तास चाललं. नारळ, समई, शाली. पाहुणे मातृशक्तीवर बोलले. मातृशक्ती तेव्हा शाळेमागे त्यांच्यासाठी चहा उकळत होती. मग रांग लागली ती खोकणाऱ्या म्हाताऱ्यांची. एकाने छातीचा जुना एक्स-रे पिशवीतून आणला होता. डॉक्टरबाई साडीच्या पडद्याआड बसून होत्या. त्यांच्याकडे बायका आल्या अकरा, त्यांतल्या तिघी खोकल्याचं औषध मागायला.

चहाच्या टोपाशी माझी वहिनी होती, थोरल्या भावाची बायको. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हीपण दाखवून घ्या."

"माझ्या छातीला काय धाड भरलीय, भावजी? भाताचा भारा घेऊन बांध चढते, दम लागत नाय. तुमीच दाखवा. ओटीच्या दोन पायऱ्या चढताना धापा टाकता."

बायका हसल्या. मीही हसलो.

त्या दिवशी तिच्या डाव्या बाजूला वालाच्या दाण्याएवढी गाठ होती. ती तिला ठाऊक होती. पण त्या जागेला ती छाती म्हणत नव्हती, आणि गाठ दुखत नसल्यामुळे तिला आजारही म्हणत नव्हती. दुधाची गाठ, जिरेल, असा तिचा हिशेब. तिची धाकटी मुलगी तेव्हा तेवीस वर्षांची होती.

कापणीत तिच्या डाव्या हाताच्या बोटाला विळा लागला. थोड्या दिवसांनी त्याच बाजूच्या काखेत गोळा आला. आमच्याकडे जखमेमुळे काखेत किंवा जांघेत सूज आली की अवधाण आलं म्हणतात. जखम सुकली की तेही बसतं. जखम सुकली, अवधाण बसलं नाही. तिने हळद लावली, गरम विटेचा शेक घेतला. झोडणी झाली, वाल पेरून झाले. एक दिवस फळीवरचा डबा काढताना हात वर जाईना, तेव्हा माझ्या बायकोने तिला आत नेऊन पोलकं सोडायला लावलं.

कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. बोंड आत ओढलं गेलं होतं.

बायको बाहेर येऊन मला म्हणाली, "तुमच्या शिबिरात हेच बघणार होते ना?"

शहापूरला त्याच डॉक्टरबाई भेटल्या. काखेतली गाठ बोटाच्या जखमेची नाही, स्तनातूनच तिकडे गेली आहे, असं त्यांनी सांगितलं. सुईने तपासणी करायची म्हटल्यावर भाऊ अडला.

"सुई टोचली का पसरतो म्हणतात."

"काका, न टोचताच पसरलाय."

अहवालात तीन ठिकाणी 'निगेटिव्ह' लिहिलं होतं. भाऊ हरखला. रोग नाय, असाच त्याने अर्थ लावला आणि पेढ्यांची गोष्ट काढली. डॉक्टरबाईंनी त्याला खाली बसवलं. कर्करोग आहेच, त्याच्या जातीची ही तपासणी. काही गाठी शरीरातल्या संप्रेरकांवर वाढतात, त्यांना अडवायला गोळ्या असतात. ही तशी नाही, त्या गोळ्या हिला लागू पडणार नाहीत.

"मंग झाला कशानं?"

"वय असतं, कधी घराण्यात असतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. तुमच्या मुलीने मात्र स्वतःला तपासत राहायचं. लवकर सापडला तर बरा होतो."

कारण सापडत नाही हे गावाला पटलं नाही. वहिनी मोबाईल पोलक्यात ठेवायची, असं गावाने शोधून काढलं.

केमोच्या दुसऱ्या सलाईनच्या वेळी मी तिच्याजवळ बसलो होतो. केस गेले होते. मी म्हटलं, "वहिनी, बॅनरवरचा शब्द मी बदलला होता."

"कंचा?"

मी पत्रातला मूळ शब्द सांगितला. बायकांनी भरलेल्या त्या वॉर्डात तो उच्चारताना माझा आवाज आपोआप खाली गेला.

"अस्सं," ती म्हणाली. "तो तरी कुणाला कळला असता? आमी थान म्हणतो. थानातली गाठ लिवायचं, भावजी. म्हशीचं कळतं, बाईचं नाय कळणार?" मग जरा थांबून, "तुमी शिकलेले लोक एक तर वरचं बोलता, नाय तर बाजूचं."

एकतीस वर्षांत माझी भाषा इतक्या थोडक्यात कोणी तपासली नव्हती.

रोग हाडांत गेला, मग फुफ्फुसांत. शेवटच्या महिन्यात बांध सोडाच, उंबऱ्यापर्यंत जातानाही तिला दम लागत होता. वर्षभराने, माघात ती गेली.

ग्रामपंचायतीत नोंद करायला भावाबरोबर मी गेलो. मुलीचं धसईच्या स्थळाशी जमत आलं होतं. कारकुनाने मृत्यूचं कारण विचारलं तेव्हा भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खिशातलं पेन काढून कारकुनापुढे ठेवलं.

"म्हातारपण लिवा," तो म्हणाला.

तसं लिहिलं गेलं. वहिनी चोपन्न वर्षांची होती.