वरचं घर नेमकं कुठे

माझ्या थोरल्या नणंदेला सगळा गाव आक्का म्हणतो. सव्वीस वर्षं ती सायकलवरून टपाल वाटते. अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ, पण कुणाचं पत्र भिजलं तर दाराशी उभी राहून माफी मागणारी. पाण्याची मात्र तिला भारी भीती.

आमच्याकडे वर-खाली ठरतं ते ओढ्यावरून. ओढा येतो ती बाजू वर, जातो ती खाली. त्यामुळे गावातलं ‘वरचं घर’ खोलगट जागी, अगदी काठाला, आणि ‘खालचं घर’ टेकडीवर. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

त्या दुपारी आमच्याकडे लख्ख ऊन होतं. पाऊस डोंगरापलीकडे कोसळला आणि अर्ध्या तासात ओढा घराघरांत शिरला. आम्ही धावत शाळेच्या ओट्यावर जमलो. वरच्या घरातली शिलाईवाली मावशी तेवढी दिसेना. एकटी बाई, त्यात पाय प्लास्टरमध्ये. कुणीतरी मदत पथकाला फोन लावला, “वरच्या घरात बाई अडकलीय!”

थोड्या वेळाने पथकाची रबरी होडी ओट्याला लागली. प्रमुख वैतागलेला. “टेकडीवर जाऊन आलो. तिथे चिटपाखरू नाही.”

“टेकडीवर कशाला गेलात?” आक्का उसळली. “पाणी काय चढ चढतं?”

“बाई, फोनवर वरचं घर सांगितलं!”

“मग? वरचं घर सगळ्यात खाली आहे.”

“आणि खालचं?”

“ते टेकडीवर.”

प्रमुखाने एकदा टेकडीकडे पाहिलं, एकदा आक्काकडे.

“असे बघू नका, होडी फिरवा. नाहीतर राहू द्या, तुम्हाला नाही सापडायचं,” असं म्हणत आक्का स्वतःच होडीत उतरली. लाइफ जॅकेटचा पट्टा तिच्या पोटावर बसेना; तो तिने हातानेच धरून ठेवला. मी मनात देवाचं नाव घेतलं.

पुढचं मला प्रमुखाने नंतर सांगितलं. आक्का डोळे किलकिले करून वाट दाखवत होती. “डावीकडे नको, खाली काटेरी तार आहे. पुढचं दार सोडा, ते गेल्या वर्षीपासून अडकतं. मी टपाल मागच्या खिडकीतूनच देते.”

मागच्या खिडकीतून बघतात तर मावशी कापड बेतायच्या टेबलावर उभी, पाणी कमरेला लागलेलं.

“आक्का, आज टपाल लवकर आलं गं?” मावशीचे दात कडकडत होते.

“सही नको, हात दे!”

ओट्यावर आल्यावर मी मावशीला कोरडी साडी नेसवली, चहा दिला. प्लास्टरचा पार लगदा झाला होता. “घर गेलं गं,” ती म्हणाली, आणि कपात तोंड घालून चहाची वाफ घेऊ लागली.

प्रमुख जवळ आला. आता ‘बाई’ सुटलं होतं. “आक्का, अजून दोन घरं राहिलीत. येता?”

“पाण्याची भीती वाटते हो मला,” आक्का म्हणाली, आणि पट्टा धरून पुन्हा होडीत बसली.