बसथांब्यावरच्या पाळकबाई

आमच्या वारज्याच्या चर्चला पहिल्यांदा येणाऱ्याला पाळकबाई दारात भेटत नसत. रविवारी सकाळी त्या मुख्य रस्त्यावरच्या बसथांब्यावर उभ्या असत. खांद्यावरच्या कापडी पिशवीत उपासनेचा पांढरा झगा घडी घालून ठेवलेला. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला "सलाम, सलाम" करायचं, म्हाताऱ्यांचा हात धरायचा आणि सगळ्यांना घेऊन गल्लीतून चालत यायचं. एस्तेर साळवे त्यांचं नाव. त्या पाळकांच्या पत्नी नव्हत्या, स्वतः पाळक होत्या. नव्या माणसाला हे सांगताना आम्हाला भारी वाटायचं.

आधी त्याही गाडीनेच येत. आम्ही सगळेच येत होतो. एका रविवारी उपासना चालू असताना बाहेर सायरन वाजत राहिला. समोरच्या इमारतीतल्या जोशीकाकांना छातीत दुखत होतं आणि रुग्णवाहिका आमच्या गाड्यांच्या रांगेमागे अडकली होती. शेवटी लोकांनी काकांना खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेलं. काका वाचले. पाळकबाई संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये माफी मागायला गेल्या, तर त्यांचा मुलगा म्हणाला, "माफी नको. रस्ता द्या."

पुढच्या रविवारी बाई बसने आल्या. उपदेशाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शेजाऱ्यावर प्रीती करा असं मी इथं आत सांगत होते आणि बाहेर शेजाऱ्याचा श्वास आपल्या टायरांमागे अडकला होता. ही हवासुद्धा देवाचीच आहे. तिच्यात धूर सोडायचा आणि वर त्याचीच स्तोत्रं गायची, हे मला यापुढे जमणार नाही. तुम्हीही गाड्या घरी ठेवून या."

चर्चचा कारभार बघणारे आमचे ज्येष्ठ पंच भास्करराव गायकवाड चिडले. "बाई, उपदेश आत्म्याचा करा. टायरचा नको."

"देवानं पाय दिलेत ते फक्त क्लच-ब्रेकसाठी नाहीत, भास्करराव."

मंडळी हसली. भास्करराव मात्र यायचेच बंद झाले. त्यांच्यामागोमाग आणखी काही घरं गेली. बाकं रिकामी दिसू लागली, तशी कुजबुज सुरू झाली की बाई चर्चची मंडळी फोडणार. त्या दिवसांत बाईंचा चेहरा उतरलेला असायचा. पण थांब्यावरचं उभं राहणं काही चुकलं नाही.

एका रणरणत्या दुपारी त्या मला म्हणाल्या, "चला, वाघोलीला जाऊन येऊ." दोन बस बदलून आम्ही भास्कररावांच्या दारात पोचलो तेव्हा बाईंचा पदर घामानं भिजला होता. भास्कररावांनी पाणी दिलं. मग म्हणाले, "आमच्या हिला, मंगलाला, गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नाही. तिनं काय करायचं?"

"अहो, मग गाडी आणाच की!" बाई म्हणाल्या. "मंगलाबाईंना चर्चच्या दारात उतरवा आणि गाडी गल्लीबाहेरच्या मैदानात लावा. फक्त रिकामी आणू नका. तुमच्या शेजारच्या दोन्ही आजींना रिक्षा परवडत नाही म्हणून त्या येत नाहीत, हे ठाऊक आहे का तुम्हाला?"

भास्कररावांना ते ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांच्या गाडीतून मंगलाबाई उतरल्या आणि मागून दोन्ही आजी. हळूहळू बाकीची घरंही परतली, कुणी बसने, कुणी सायकलने, कुणी एकाच गाडीत दाटीवाटीनं.

त्या नाताळाला गल्ली इतकी मोकळी होती की जोशीकाकांचा मुलगा चौकशीला आला, "आज बंद आहे का तुमचं?"

"बंद? आज तर आमचा मोठा सण. काकांना घेऊन आत या, केक संपायच्या आत," बाई म्हणाल्या. आणि काका चालत आले.

गेल्या वर्षी बाईंची दुसऱ्या गावी बदली झाली. त्यांच्या जागी आलेले तरुण पाळकसाहेब पहिल्याच रविवारी झोकात गाडी घेऊन गल्लीत शिरले. भास्करराव पुढे झाले, काचेवर टकटक केली आणि अदबीनं म्हणाले, "सलाम, साहेब. गाडी मैदानात लावून या. आमच्याकडे पाळक चालत येतात."

मी शेजारीच उभी होते. माझी मान आपोआप ताठ झाली.