श्वासाचं पाणी

पंपकाकांना राग आला की ते भांडी घासतात. आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत, त्यामुळे त्यांचा राग मला ऐकू येतो. नुसते चमचे खडखडले तर साधा राग, कढई आपटली तर मोठा. त्या आठवड्यात रोज कढई होती.

काका कारखान्यात फिटर होते आणि कारखान्याच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. त्याची लांब नळी मागेपुढे सरकवताना सायकलमध्ये हवा भरल्यासारखे दिसायचे, म्हणून सोबत्यांनी त्यांना पंप म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे कारखाना बंद पडला, काकू गेल्या आणि काका लेकीकडे राहायला आले, एक बॅग आणि एक लांबट पेटी घेऊन. पेटीला जागा मिळाली बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे.

लेक वाईट नाही. वडिलांच्या गोळ्या रोज स्वतः काढून हातावर ठेवते. पण त्या वाद्याचा तिला लहानपणापासून तिटकारा. वाजवता वाजवता नळीत पाणी साठतं. खालची कळ दाबून ते मधूनमधून जमिनीवर सोडावं लागतं. "शी, बाबांची थुंकी!" असं ती मैत्रिणींसमोर ओरडायची. "अगं, श्वासाची वाफ ती. गार नळीत तिचं पाणी होतं," काका समजवायचे. ऐकतंय कोण? शेवटी ते फडकं घेऊन जिन्यात बसून वाजवायला लागले.

आणि आता लेकीने कुठल्याशा मासिकात फोटो पाहिला होता. ट्रॉम्बोनचा उभा दिवा, वर घंटेसारखी शेड.

"बाबा, निदान दिवाणखान्यात तरी येईल तो. सगळ्यांना दिसेल!"

रविवारी इलेक्ट्रिशियन वायरसाठी ट्रॉम्बोनला भोक पाडायला येणार होता. बाबांची समजूत काढायला म्हणून तिने शनिवारच्या मैफलीची तिकिटं आणली. पाच वादक, सगळी पितळी वाद्यं. जावयाने ऐन वेळी अंग काढून घेतलं आणि त्याचं तिकीट माझ्या वाट्याला आलं.

सभागृह लहान होतं, भिंती लाकडी. काका इस्त्रीच्या शर्टात, जबडा आवळून बसले होते.

"बसून वाजवतात हे," ते पुटपुटले. "आम्ही चालत वाजवायचो. खड्डा आला की ट्रॉम्बोन दातावर बसायचा."

मग मंचावरचा ट्रॉम्बोन एकटाच वाजू लागला. अगदी खालच्या सुरात, दार न उघडता पलीकडून कुणी बोलावं तसा. काकांचा उजवा हात मांडीवर सरकायला लागला. त्यांनी तो डाव्या हाताने दाबून धरला.

पहिली रचना संपली. टाळ्या थांबल्या तसं पाचही जणांनी शांतपणे आपापल्या नळ्यांमधलं पाणी चकचकीत फरशीवर सोडलं. त्यातल्या एकाने तर अख्खं वाद्यच कळशीसारखं उलटं केलं.

"अय्या, थुंकतायत की काय!" पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

लेक कार्यक्रमाचं पत्रक हातात धरून पुढे वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "नाही हो. श्वासाची वाफ ती. गार नळीत तिचं पाणी होतं. पत्रकात दिलंय."

काकांनी मान वळवली.

"पत्रकात दिलंय?"

"बाबा, हळू."

"तुझं लग्न होईपर्यंत घसा फोडून सांगत होतो मी. तेव्हा थुंकी, आणि यांच्या अंगात काळा कोट आहे म्हणून पाणी?"

"लोक बघतायत, बाबा!"

"बघू देत! लोक बघतायत म्हणूनच बापाला जिन्यात बसवलंत."

दारावरचा माणूस धावत आला. "आजोबा, सुरू होतंय."

"मग होऊ द्या. ऐकायलाच आलोय मी."

आणि हाताची घडी घालून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. लेकीचे कान लाल झाले होते. टॅक्सीत मी दोघांच्या मध्ये बसलो, इस्त्री आणि कपड्यांच्या मध्ये बोट सापडावं तसा. घरी गेल्यावर भांड्यांचा आवाज आला नाही. मला त्याचीच भीती वाटली.

सकाळी त्यांच्याकडे बेल वाजली आणि पाठोपाठ म्हैस रेकल्यासारखा आवाज आला. मी धावलो. दार उघडंच होतं. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर काका ताठ बसून ट्रॉम्बोन वाजवत होते. ओठांची सवय गेली होती, सूर फाटत होते, तरी थांबत नव्हते. इलेक्ट्रिशियन ड्रिल हातात धरून उभा होता.

काका थांबले. नळीचं टोक त्यांनी दुधी रंगाच्या गालिच्यावर आणलं, लेकीकडे पाहिलं आणि कळ दाबली. दोन-तीन थेंब पडले.

"काय पडलं ते?"

लेक गालिचा ओढायला वाकली.

"सांग ना. की पत्रक आणू?"

"पाणी!" ती किंचाळली. "पाणी आहे, बाबा! पण माझा गालिचा..."

"गालिचा वाळेल. पाडलेलं भोक बुजत नाही."

इलेक्ट्रिशियनने घसा खाकरला. "ताई, मग भोक नक्की कुठे पाडायचं?"

"कुठेच नको! जा तुम्ही!"

ती ताडताड आत गेली, एक फडकं घेऊन आली आणि काकांच्या पायाशी भिरकावलं. "यावर सोडा!" म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

काकांनी वाद्य पुन्हा ओठाला लावलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि कढई आपटली.