आबाजींचं लाल पाणी

पाण्याची ओंजळ तोंडाशी नेऊन आबाजी थांबायचे. पाण्याकडे निरखून बघायचे आणि विचारायचे, "कोठचं होय बा हे पाणी?" मग प्यायचे.

पवनीत आमच्या आळीमागून एक नाला वैनगंगेकडे जायचा. उन्हाळ्यात तो आटला की आबाजी रेतीत हात-दीड हात खोल झिरा खणायचे. त्यात गार, नितळ पाणी जमायचं आणि सगळी आळी तेच प्यायची. विणकरांचं सूत रंगवणं हा आबाजींचा धंदा, त्यामुळे नखं कायमची लाल. लग्नात त्यांच्या शेजारी बसलेल्या नवरीची मेंदी फिकी वाटायची.

झिऱ्याचं पाणी नदीचं, असं सगळे म्हणत. आबाजींना मात्र वरच्या बोडीचा, म्हणजे धानासाठी बांधलेल्या लहान तळ्याचा संशय होता. एकदा त्यांनी बोडीच्या पाळीखाली, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, खड्डा करून त्यात बादलीभर लाल रंग ओतला. सांगितलं फक्त मला. मी आठ वर्षांची होते, आणि त्यांच्या असल्या गोष्टी ऐकून घेणारं आळीत दुसरं कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घरोघरी भात गुलाबी शिजला.

"आबाजी, लाजा नाई वाटत तुमाले? पोराईले काय खाऊ घालू आता?" माझी आई भाताचा गंज घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

आबाजींनी गंजात डोकावून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "पाहा, बोडीचंच होय!"

आईनं महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला वाटतं, त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

मी नोकरीला लागून गावीच राहिले. आळीत नळ आले, माग बंद पडले, पण आबाजींचा दर उन्हाळ्यातला झिरा सुटला नाही. मग नाल्याचं काम निघालं. तळाला आणि दोन्ही काठांना सिमेंट. मशीनं नाला पार खरवडून काढला आणि झिरा कोरडा पडला. आबाजी तरुण इंजिनीअरला म्हणाले, "साहेब, इथं भिंतीत एक नळी ठेवा. पाणी येते इथं."

"आजोबा, इथे तर ओलसुद्धा नाही."

"रंग टाकून दाखवतो ना."

तो मुलगा भला होता. चार दिवस थांबतो म्हणाला आणि थांबला. आबाजींनी घरातला उरलेला सगळा रंग बोडीखाली ओतला आणि चारही दिवस कोरड्या झिऱ्यापाशी टोपी काढून उन्हात बसून राहिले. रंग काही उतरला नाही. पाचव्या दिवशी सिमेंट पडलं. ओंजळीतल्या पाण्याला प्रश्न विचारणं आबाजींनी सोडलं. मला ते फार लागलं. पुढच्याच आठवड्यात लेक येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली.

अडीच महिन्यांनी, पोळ्याच्या सुमारास, नव्या भिंतीच्या सांध्यातून लालसर ओघळ उतरला. झिऱ्याच्या जागेपासून वीसेक पावलं खाली. मी तिथूनच फोन लावला. रागारागानं म्हणाले, "आबाजी, आलं जी! तुमचंच खरं होतं. त्या साहेबाले बोलवून दाखवते मी!"



"त्याले कायले बोलवतं? मले सांग, किती खाली निघालं?"

"वीस पावलं."

"अन् तेव्हा तर तिसऱ्या दिवशी आलं होतं." त्यांचा आवाज पुन्हा तोच, गंजात डोकावतानाचा. "मंग माय, एवढे दिवस ते कोठून कोठून फिरून आलं असंन?"

त्या हिवाळ्यात आबाजी गेले. लाल रंग केव्हाच धुऊन गेला, पण तो सांधा अजून पाझरतो. जाता-येता मी ओंजळ धरते. पाणी साचायला वेळ लागतो, तेवढा वेळ मी तिथे उभी राहते आणि त्यांच्यासारखंच विचारते, "कोठचं होय बा हे पाणी?" उत्तर मला ठाऊक आहे, बोडीचंच. पण ते कोठून कोठून फिरून आलं, हे ज्याच्यासोबत शोधायचं, तो माणूस नाही.