हनुवटीखालचा काप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, ते तुमच्यावर फार विश्वास आहे म्हणून नव्हे — तुम्ही माझ्या खुर्चीत येऊन बसणार नाही, म्हणून. आणि मध्येच 'जाऊ द्या हो, होतं असं' म्हणू नका. तसलं बोलणं मला सहन होत नाही.

शिरूरपासून थोडं आत, घोड नदीच्या काठच्या गावात माझं सलून आहे. दोन खुर्च्या, एक आरसा. हातात वस्तरा घेतल्यापासून कोणाला कापलं नाही, असं मी छाती फुगवून सांगायचो. अजूनही सांगतो. ते खोटं आहे — एकदा कापलंय, आणि हात चुकून नव्हे.

झालं असं, की बंधाऱ्याजवळच्या झुडपात एक नुकतं जन्मलेलं पोर मेलेलं सापडलं. आई कोण, बाप कोण, काही पत्ता नाही. पोलिसांनी गावातल्या बाप्यांना शाळेत बोलावलं आणि काडीला गुंडाळलेला कापूस एकेकाच्या गालाच्या आतून फिरवला. डीएनए जुळवणार म्हणाले. मीही गेलो, आ वासला. तो कापूस पुढं कुठं जाणार, किती दिवस ठेवणार — विचारलं का मी? कोणीच विचारलं नाही. पाटलांचा थोरला नेमका त्या दिवशी पुण्याला गेला होता. त्याचंही कोणी विचारलं नाही.

दस्तगीरनं मात्र विचारलं. हा आमच्या गावचा मोटार दुरुस्तीवाला. विहिरीवरची मोटार जळाली की सगळे त्याच्या दारात. आजोबांच्या आधीपासून त्यांचं घर इथलंच. धड उत्तर मिळेना, तेव्हा तो आवाज न चढवता म्हणाला,

"कोर्टाचा कागद आणा सायेब, लगेच देतो. तसं न्हाई देणार."

हवालदार चिडला, ते ठीक. पण मी का चिडलो? मी मुकाट तोंड उघडलं होतं, आणि याला ते बंद ठेवता आलं! आपण वाकल्यावर ताठ उभ्या राहणाऱ्याचा जो राग येतो ना — तो फार घाण असतो. तुम्हाला कधी आला नाही? खरं सांगा. पाटलांच्या पोराचा मला राग आला नाही, दस्तगीरचा आला. नावावरून ओळखलं असेलच तुम्ही का ते. त्याच्यावर राग काढणं सोपं होतं.

हवालदार दाढीला माझ्याकडेच यायचा. एकदा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, की तुझ्या खुर्चीत तर तो मान वर करून बसतो. बस, एवढंच. धमकी नाही, लालूच नाही. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही मला.

दस्तगीर शुक्रवारी सकाळी दाढीला यायचा. मी साबण लावला. त्यानं डोळे मिटून मान मागं टाकली. हनुवटीखालची कातडी मी बोटांनी ताणून धरली आणि पात्याचा कोपरा आत घातला — ठरवून. तो दचकला. पातं खराब निघालं, असं काहीतरी मी पुटपुटलो. रक्त कापसानं टिपलं, वर तुरटी फिरवली. आणि त्यानं उलट माझीच समजूत काढली, असू द्या नाना म्हणून. तो कापूस मी कागदात गुंडाळून खिशात घातला आणि संध्याकाळी हवालदाराला दिला.

काही महिन्यांनी हवालदार पुन्हा त्याच खुर्चीत बसला होता. साबणाच्या फेसातूनच बोलला.

"त्यो बाप न्हाई. पन तू तोंड उघडायचं न्हाई. आमी त्याचं रक्त घेतलंच न्हाई."

म्हणजे बघा — दस्तगीरचा यात हात नाही हे त्याच्याखेरीज पक्कं ठाऊक असलेली गावात दोन माणसं, आणि दोघंही चोर. गावानं तर निकाल कधीच लावला होता. नमुना दिला नाही, म्हणजे त्याचंच पाप. मोटारी शिरूरला जाऊ लागल्या. त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. लोक माझ्या दुकानात बसून त्याच्यावर थुंकत होते, आणि मी कात्री चालवत हूं हूं करत होतो. एक वाक्य पुरलं असतं — तो नाही, तपासलंय. पण कसं तपासलं, असं कोणी विचारलं असतं तर? मग माझ्या वस्तऱ्याखाली मान कोणी दिली असती? मी माझं दुकान वाचवलं. पोराचा बाप आजतागायत सापडलेला नाही.

पेपरात वाचलं, की असल्या नमुन्यांसाठी कायदा येणार येणार म्हणत होते, तो सरकारनं मागं घेतला. म्हणजे आमची थुंकी कुठं पडलीय, कोण बघतंय, हे विचारायचं कुणाला? दस्तगीरचं रक्त तर कागदोपत्री घेतलेलंच नाही. ते परत कोण मागणार?

तो दौंडला राहायला गेला. कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये मोटारी बघतो. गेल्या महिन्यात इथलं घर विकायला आला, तेव्हा दुकानातही आला. पार पिकलाय. खुर्चीत बसता बसता म्हणाला,

"समद्यांनी तोंड फिरवलं नाना. तुमी तेवढं मला हितं बसवत ऱ्हायला. पोरीला मी कायम सांगतो."

मग त्यानं डोळे मिटले आणि मान मागं टाकली. दुकानात तिसरं कोणी नव्हतं. सांगायची हीच वेळ होती. मी हनुवटीखालून वस्तरा फिरवला, अगदी हलक्या हातानं, कुठंही न कापता. उठल्यावर त्यानं दाढीचे पैसे पुढं केले, आणि मी ते घेतले.