गोळीही घेणार, प्रार्थनेलाही बसणार

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळ्या जणी ‘तोफ’ म्हणायच्या. दवाखान्यांच्या चादरी शिवताना तिचा आवाज मशीनच्याही वर चढायचा. मुकादमाने पंखा बंद केला की त्याला हाक मारून परत बोलावणारी हीच. घरी मात्र ही तोफ दबक्या पावलांनी जिना चढायची आणि गुपचूप किल्लीने दार उघडायची. कारण दार वाजलं की तिचा नवरा टेबलाखाली जाऊन बसायचा.

मायदेशी तो बस चालवायचा. लढाई वस्तीपर्यंत आली तेव्हा त्याने बस बाहेर काढली आणि दिसेल त्याला आत घेतलं. पाय ठेवायला जागा उरली नाही, गोळीबार जवळ आला, तेव्हा त्याने दार लावलं. मागे राहिलेले लोक दारावर थापा मारत पळत होते. बस सीमेपार पोचली, आतली माणसं जगली. या देशात येऊन त्याने गोदामात कामही धरलं होतं. पण हळूहळू झोप उडाली, जेवण सुटलं आणि एके दिवशी तो कामाला जायला अंथरुणातून उठलाच नाही.

नणंद म्हणाली, “वहिनी, बाहेर बोलू नकोस. दादाला वेडा ठरवतील. प्रार्थना करू, होईल बरं.”

“प्रार्थना मी रोजच करते गं. तुझा दात दुखला तेव्हा तू दातवाल्याकडे पळालीस ना? मग याचं मन दुखतंय तर घरात का बसायचं?”

ती त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. बसता बसताच डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “देवाचं नाव सोडायला सांगणार असाल तर आत्ताच सांगा, आम्ही उठतो.”

दवाखान्यातल्या दुभाष्याने ते सांगितल्यावर बाई हसल्या. “ज्याने बळ येतं ते कशाला सोडायचं? फक्त गोळ्या चुकवू नका. आणि दर आठवड्याला येऊन माझ्याशी बोला.”

बातमी लपते थोडीच! मायदेशातून आलेली माणसं गॅरेजवरच्या भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थनेला जमायची. प्रार्थना घेणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे काका म्हणत. त्या रविवारी काकांनी भरल्या सभेत सुनावलं, “ज्याची श्रद्धा खरी, त्याला वेडाच्या गोळ्या लागत नाहीत. ड्रायव्हर आपलं पाप फेडतोय. गोळ्या बंद करा, मगच इथे पाऊल टाका.”

ड्रायव्हर खाली मान घालून उठू लागला. तिने त्याचा खांदा दाबला.

“बसा हो. कुठे जायचं नाही.” आणि स्वतः उभी राहिली. “काका, पाप कुठलं? दार लावलं ते? त्या दाराच्या आत तुम्हीच होतात की! ‘लाव, लवकर लाव’ म्हणून यांच्या मागे कोण ओरडत होतं?”

“तोंड सांभाळ!”

“आजवर सांभाळलंच. मीही ओरडत होते, काका. सगळेच ओरडत होतो. हात मात्र यांचा एकट्याचा होता. आपल्या सगळ्यांचं ओझं वाहून माणूस आजारी पडला, आणि पापी तोच? देव काही तुम्ही विकत घेतलेला नाही. हे गोळीही घेतील आणि इथे येऊन बसतीलही. पहिल्या रांगेत!”

काकांनी माफी मागितली नाही, की त्यांना कुणी बाहेरही काढलं नाही. पुढच्या रविवारी दोघं पहिल्या रांगेत बसली. नणंद मागून आली आणि भावाला चिकटून बसली. काका त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत बोलत राहिले. असे कितीतरी रविवार गेले. ड्रायव्हर पुन्हा गोदामात जाऊ लागला, मधूनच एखाद्या दिवशी पार कोसळायचा, पुन्हा उभा राहायचा. मग एकदा प्रार्थना संपता संपता तोच उठला.

“जे दाराबाहेर राहिले, त्यांच्यासाठीही एकदा म्हणा.”

काकांनी डोळे मिटले आणि म्हटलं. सगळ्यांनीच म्हटलं.

त्याच दिवशी हॉलच्या जिन्यात, प्रार्थनेला येणाऱ्या एका बेकरीवाल्याच्या बायकोने तोफेला गाठलं. इकडेतिकडे बघत कानाशी कुजबुजली, “तो दवाखाना... कुठे आहे गं?”

“मोठ्याने विचार,” तोफ म्हणाली. “चोरी नाही केलीस. उद्या सकाळी तयार राहा, मी येते बरोबर.”